मिस्त्रीला विचारा : जुन्या मोटरहोमचं इंजिन, दमलेलं कुठलं आणि मुळातच गरीब कुठलं

गेल्या अंकात छतातून गळणाऱ्या मोटरहोमबद्दल लिहिलं होतं, वाटलं आता सगळे सीलंटबद्दल विचारणार, पण आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त इंजिनाबद्दलची निघाली. बरंच झालं, कारण छताचं मी शिकून सांगतो, इंजिन मात्र अंगातलं आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझल आणि पंपाच्या कामावर हात काळे केले, मग इकडे लेस्टरला येऊन बावीस वर्षं व्हॅना आणि कॅम्पर दुरुस्त केल्या. चार पत्रं निवडलीत, बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही रीडिंगला राहतो. १९९९ची फियाट डुकाटोवरची मोटरहोम बघितली, २.८ टर्बो डिझेल, फक्त ४२ हजार मैल झालेत. आम्ही पोचलो तेव्हा मालकाने इंजिन आधीच सुरू करून ठेवलं होतं, म्हणाला थंडीत तुम्हाला ताटकळायला नको. आवाज छान वाटला, धूर नव्हता. मला गाडीतलं शून्य कळतं. मे महिन्यात साताऱ्याहून आईबाबा येणार आहेत, त्यांना स्कॉटलंड दाखवायचंय. घ्यावी का? इंजिन चांगलं आहे हे ओळखायचं कसं?

इंजिन आधीच सुरू करून ठेवलं होतं हे वाचलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला. माणूस प्रामाणिक असेलही, खरंच तुमची काळजी वाटली असेल, पण जुन्या डिझेलची सगळी दुखणी सकाळच्या पहिल्या सेल्फलाच बाहेर येतात आणि एकदा इंजिन तापलं की अर्धी झाकली जातात. त्यामुळे परत जा. फोन करून सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका, आणि गेल्यावर बाकी काही बघायच्या आधी बोनेट उघडून इंजिनावर तळहात ठेवा. गरम लागलं तर भांडायचं नाही, चहा प्यायचा आणि उद्या येतो म्हणायचं.

थंड असेल तर रेडिएटरच्या वरच्या टाकीचं झाकण उघडा (थंड असेल तरच, गरम असताना उघडलंत तर तोंड भाजेल). पाणी स्वच्छ रंगीत हवं, वर तेलाची साय किंवा कॉफीच्या फेसासारखा चिकट थर दिसला तर तिथूनच घरी. मग डिपस्टिक काढा. ऑइल काळं आहे म्हणून घाबरू नका, डिझेलचं ऑइल बदलल्यावर आठवड्यात काळं होतं, उलट काळंच असायला हवं, फक्त ते पातळ झालेलं, डिझेलचा वास येणारं नको आणि बोटांत चोळल्यावर कचकच लागता कामा नये.

आता सेल्फ मारा, पण एकाला गाडीच्या मागे उभं करून. हीटर प्लगचा (सुरू करण्याआधी इंजिन आतून तापवतो तो) दिवा विझल्यावर दोनतीन सेकंदांत इंजिन लागलं पाहिजे. सुरुवातीला पांढरट धुराचा एखादा भपका आला आणि अर्ध्या मिनिटात गेला तर चालतं, एखादा हीटर प्लग गेलेला असेल. पांढरा धूर थांबतच नाही आणि डोळे चुरचुरतील असा कच्च्या डिझेलचा वास येतोय, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर) किंवा नोझलचं काहीतरी आहे. धुराला गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय म्हणजे हेड गॅस्केट (सिलिंडर आणि वरच्या हेडमधली सील) गेलंय. निळा धूर म्हणजे ऑइल खातंय. काळा धूर जोरात ॲक्सिलेटर दिल्यावर थोडा येणारच, ढग निघाले तर एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला पाइप, नाहीतर पंप कोणीतरी जास्त वाढवून ठेवलाय.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण अर्धवट सैल करा. थोडी वाफ येते ती ठीक. झाकण जागेवर थडथड नाचायला लागलं आणि आगगाडीसारखे फुसफुस झोत यायला लागले तर रिंगा गेल्यात, सिलिंडरमधला दाब खाली ऑइलच्या बाजूला उतरतोय. हे बघायला कुठलं मशीन लागत नाही आणि मालकाला आदल्या दिवशी झाकताही येत नाही, म्हणून ही माझी सगळ्यात लाडकी चाचणी. दुसरी अशी की इंजिन सुरू करून दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा पाइप हातात धरून दाबायचा. एवढ्या लवकर तो दगडासारखा कडक झाला तर पाणी तापून नाही झाला, सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय.

आता तुमचे ४२ हजार मैल. पंचवीस वर्षांहून जास्त काळात ४२ हजार म्हणजे वर्षाला सतराशेसुद्धा नाहीत, म्हणजे ही गाडी आयुष्यभर उभी राहिली. लोकांना हे ऐकून आनंद होतो, मला धडकी भरते. हे २.८ इंजिन सोफिम कंपनीचं, इटलीत फोज्याला बनणारं, मालवाहू व्हॅनमध्ये दोन लाख मैल सहज काढणारं, ४२ हजारांत त्याचं लोखंड काय झिजणार, पण रबराला मैल कळत नाहीत, त्याला वर्षं कळतात. पाइप, पंपाचे सील, आणि मुख्य म्हणजे टायमिंग बेल्ट, वाल्व आणि पिस्टनचा ताल जुळवून ठेवणारा पट्टा. मैल कितीही कमी असोत, बेल्ट पाच वर्षांत बदललाच पाहिजे. मालक म्हणेल अहो बेल्ट तर नवाच दिसतोय, दिसू दे, तारखेचं बिल दाखवा म्हणावं. बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर, रोलर आणि जमलं तर पाण्याचा पंप, ह्या सगळ्याचा खर्च किमतीतून वजा करून मगच बोलणी. बेल्ट तुटला की वाल्व पिस्टनला जाऊन भिडतात आणि मग हेड उघडण्यावाचून पर्याय नाही.

मीसुद्धा ह्यात फसलोय म्हणून जीव तोडून सांगतो. स्वतःसाठी पहिली कॅम्पर घेतली ती अशीच, कमी मैलांची, गॅरेजमध्ये कव्हर घालून ठेवलेली, नवरीसारखी. महिन्याभरात पंपाच्या सीलमधून डिझेल ठिबकायला लागलं, मग परतीच्या पाइपा, मग एक एक करत सगळं रबर. बायको अजून पाहुण्यांना सांगते की मिस्त्रीने लोखंड तपासलं आणि रबर विसरला.

१९९९चं म्हणजे तुमचं १२२ हॉर्सपॉवरवालं असणार, फिरत्या पंपाचं, कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या नव्या पद्धतीच्या) आधीचं. मला हेच आवडतं. त्याच्यानंतर आलेलं १२७ हॉर्सपॉवरचं २.८ जेटीडी चालवायला गोड आहे, कमी आवाज, लवकर पिकअप, तेही टिकाऊ आहे, पण त्यात इंजेक्टर आणि सेन्सर आले की रस्त्याच्या कडेला पान्याने काही करता येत नाही. तुमच्या ह्या गाडीच्या गिअरबॉक्सवर मात्र लक्ष ठेवा. पाचवा गिअर मुख्य बॉक्सच्या बाहेर टोकाला बसतो, ऑइल कमी झालं की आधी त्याची वाट लागते. मोटरवेवर पाचव्यात ॲक्सिलेटर सोडून परत द्या, गिअर निसटतोय का किंवा किणकिण रडतोय का बघा. निदान वीस मैल चालवा, त्यात एक चढ हवा. चढावर चौथ्यात पूर्ण दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतोय आणि गाडी मात्र तेवढीच, तर क्लच प्लेट घसरतेय.

घरबसल्या करायचं काम म्हणजे सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून जुने एमओटी (दर वर्षीच्या सक्तीच्या तपासणीचे दाखले) बघा, दर वर्षी किती मैल होते ते तिथे दिसतं, २००५पासूनचं. मधेच मैल कमी झालेले दिसले तर सांगायला नको. आणि एक गोष्ट इंजिनाची नाही तरी सांगतो, ही गाडी घेऊन आईबाबांना आणायला हीथ्रोला जाऊ नका. ह्या वयाचं डिझेल लंडनच्या दोन्ही प्रदूषण झोनच्या (लो एमिशन झोन आणि त्याहून कडक युलेझ) नियमांत बसत नाही, हीथ्रो झोनच्या आत येतं, आणि अडीच ते साडेतीन टनाच्या मोटरहोमला लो एमिशन झोनचे १०० पौंड आणि वर युलेझचे साडेबारा असे एका दिवसाचे पडतात. आईबाबांना कोचने रीडिंगला आणा.

घ्यावी का विचारलंत. थंड सुरू झाली, झाकण नाचलं नाही, बेल्टचा खर्च त्याने सोडला, तर घ्या, ह्या इंजिनाला मी नाही म्हणणार नाही.

प्रश्न : दादा, आमच्याकडे लीड्सला १९९०ची टॅलबॉट एक्सप्रेस आहे, २.५ डिझेल, टर्बो नाही. एम६२वरून मँचेस्टरकडे जाताना चढावर आमचा वेग ४० मैलांवर येतो, लॉऱ्या हॉर्न देत पुढे जातात, मुलं मागे हसतात. ह्यांचं म्हणणं इंजिन गेलं, बोअर करून बांधायला हवं. माझं म्हणणं गाडी पहिल्या दिवसापासून अशीच आहे. कोण बरोबर?

वहिनी, तुम्ही बरोबर. आता हे त्यांना कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी फक्त हिशेब मांडून देतो.

तुमच्या गाडीत प्यूजोच्या घरातलं अडीच लिटरचं इंजिन आहे, पंचाहत्तरच्या आसपास हॉर्सपॉवर. प्यूजोचीच डिझेल इंजिनं एके काळी महिंद्राच्या जीपमध्ये असायची, आमच्या इगतपुरीला बनायची, म्हणजे कसारा घाट दारात असलेलं इंजिन आहे हे, चढाला भिणारं नाही, फक्त सावकाश चढणारं. सामान, पाणी, मुलं धरून गाडी २९०० किलो धरू, चढ ५ टक्के धरू. वजन वर ओढायला, टायरचं घर्षण सोसायला आणि कपाटासारखं उभं तोंड हवेत ढकलायला, ताशी ८० किलोमीटरने जायचं तर चाकावर साधारण ८२ हॉर्सपॉवर लागते. तुमच्या पंचाहत्तरातले चाकापर्यंत पोचतात ६५, बाकीचे गिअर आणि बेअरिंगमध्ये खर्च. म्हणजे अगदी नवीन इंजिन असतं तरी ७०च्या पुढे काटा गेला नसता, आणि ७० किलोमीटर म्हणजे तुमचे ४३ मैल. तुम्ही ४०ने चढताय. पस्तीस वर्षांच्या गाडीला मी पेढे वाटले असते.

कमी ताकद आणि गेलेलं इंजिन ह्यात लोक फार गल्लत करतात. मुळातच गरीब इंजिन सगळीकडे सारखं गरीब असतं, आज, काल, दहा वर्षांपूर्वी. गेलेलं इंजिन बदलतं. म्हणून एक करा, तोच चढ, तेवढंच सामान, कुठल्या गिअरमध्ये वर पोचताना किती वेग राहिला ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तोच आकडा ३०वर आला आणि गाडी दुसऱ्यात ओरडायला लागली तर मला लिहा.

तरीही ह्यांचं समाधान व्हायला इंजिन उघडायच्या आधीच्या तीन फुकटच्या गोष्टी. इंजिन बंद ठेवून त्यांना आत बसवा आणि ॲक्सिलेटर पूर्ण दाबायला सांगा, तुम्ही बोनेट उघडून पंपावरच्या दांड्याकडे बघा. दांडा शेवटच्या स्क्रूला जाऊन टेकला पाहिजे. टेकत नसेल तर केबल ताणली गेलीये, किंवा पायाखाली जाड गालिचा टाकलाय, हसू नका, मी एका गाडीचं गेलेलं इंजिन पायपुसणं काढून बरं केलंय. दुसरं म्हणजे डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर, हिवाळाभर उभ्या राहिलेल्या टाकीत पाणी साचतं, त्यात शेवाळासारखी घाण वाढते आणि फिल्टर तुंबतो. तिसरं, दहा मैल चालवून थांबलात की चारही चाकांच्या मधोमध हात जवळ न्या, लावू नका, नुसता जवळ. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर ब्रेक चिकटलाय, म्हणजे तुम्ही चढावर ब्रेक लावूनच चाललाय.

आणि चालवताना पाचव्यात हट्टाने ढकलत राहू नका. टर्बो नसलेल्या डिझेलला गिअर लवकर खाली टाकून फिरतं ठेवलं की ते खूश असतं, कमी फिरतीत पाय पूर्ण दाबून घोरवत नेलं की तापतं. आल्प्सकडे जायचा विचार असेल तर हेही धरून ठेवा की वर हवा विरळ होत जाते आणि टर्बो नसेल तर दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद जाते. ब्रेनर १३७० मीटरवर आहे, तो सोसेल, ग्रॉसग्लॉकनरचा रस्ता २५०० मीटरला जातो, तिथे तुमच्याकडे पंचावन्न छप्पन्न हॉर्सपॉवर उरतील. लॉऱ्यांना वाट द्या, थर्मास काढा.

प्रश्न : काका, डब्लिनहून. १९९६च्या व्हॅनवर बांधलेली कॅम्पर आहे, टर्बो डिझेल, मेकॅनिकल पंप. एक जण म्हणतो चिप बसवून ३० टक्के ताकद वाढवून देतो. करू का?

अरे बाबा, मेकॅनिकल पंपाला चिप कुठे बसवणार तो? ज्याला कॉम्प्युटरच नाही त्याचा प्रोग्राम काय बदलणार. तो फार तर पंपावरचा डिझेलचा स्क्रू फिरवेल, जास्त डिझेल जाईल, काळा धूर निघेल, थोडा दम वाढेल आणि सायलेन्सरकडे जाणारा धूर इतका तापेल की लांबच्या चढावर पिस्टनच्या डोक्याचं आणि हेडचं काय होतंय हे तुला कळणारही नाही, कारण पाण्याचा काटा ते दाखवत नाही. क्लच प्लेटही मूळ ताकदीच्या मापाची आहे. ते पैसे नवीन फिल्टर, नोझल तपासणी आणि टर्बोच्या पाइपांवर घाल. फाटलेला पाइप बदलल्यावर गेलेली ताकद परत येते, ती फुकटची.

प्रश्न : नमस्कार, मी श्टुटगार्टला असतो, मूळचा पुण्याचा. १९८६ची मर्सिडीज २०७ डी मोटरहोम बघतोय, आकडा ३,१०,००० किलोमीटर. इथले मित्र म्हणतात हे इंजिन मरत नाही. पण ७२ हॉर्सपॉवर वाचून हात मागे येतो. आणि एवढे किलोमीटर?

पुण्याचे आहात आणि ह्या इंजिनाला ओळखलं नाहीत? लहानपणी ट्रॅक्समध्ये दाटीवाटीने बसून कुठे गेला असाल तर ह्याच आवाजात गेलात. मर्सिडीजचं ओएम ६१६, २.४ लिटर, हे बजाज टेम्पोने, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सने, लायसन्स घेऊन आपल्याकडे बनवलं, आणि १९८७ला आलेली टेम्पो ट्रॅव्हलर ही तुमच्या ह्या २०७चीच सख्खी बहीण, त्याच टी१ व्हॅनवरून आलेली. फोटो शेजारी ठेवून बघा, नाकडोळे तेच. मी शिकत होतो तेव्हा ही इंजिनं बांधायला आमच्याकडे रांग असायची. आणि रांग असायची ती इंजिन वाईट म्हणून नाही, लोक वडापला वीस वीस माणसं भरून लाखो किलोमीटर पळवून मग आणायचे म्हणून.

तेव्हा ३,१०,००० ऐकून मी घाबरत नाही, रीडिंगवाल्यांच्या ४२ हजारांपेक्षा मला हा आकडा प्रामाणिक वाटतो. टायमिंगला बेल्ट नाही, दुहेरी चेन आहे. एकदा सुरू झालं की डिझेल जळायला वीज लागत नाही. पण न मरणारं इंजिन म्हणजे काही न करता चालणारं इंजिन नव्हे, आणि इथेच ह्याचे मालक चुकतात. ह्याला टॅपेट सेटिंग, म्हणजे वाल्वची फट जुळवणं, हातानं करावं लागतं, साधारण दर १५,००० किलोमीटरला. इंजिन थंड असताना, आत घेणाऱ्या वाल्वला ०.१० मिलिमीटर आणि धूर सोडणाऱ्याला ०.३०, चौदा नंबरचे दोन पाने आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). पट्टी घातल्यावर ती लोण्यातून सुरी जावी तशी जाऊ नये, किंचित धरून सुटली पाहिजे, हाताला कळतं. वर्षानुवर्षं कोणी केलं नाही की धुराच्या वाल्वची फट कमी होत होत संपते, वाल्व पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन पडतं, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते आणि लोक म्हणतात इंजिन संपलं. अर्ध्या दिवसाच्या कामात उठून बसलेली अशी संपलेली इंजिनं मी मोजायची सोडून दिली.

म्हणून मालकाला एकच विचारा, टॅपेट शेवटचे कधी केले? तो लगेच तारीख सांगेल किंवा तुमच्याकडे बघत राहील, दोन्हीत उत्तर आलं. मग गॅरेजमधून कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. आकडा किती ह्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघा, ३ बारपेक्षा जास्त फरक नको. सगळे थोडे कमी पण सारखे असतील तर म्हातारं आहे पण धडधाकट. एकच खाली असेल तर आधी टॅपेट करून परत मोजा, तरी खालीच राहिला तर सोडा.

ताकदीचं वर लीड्सच्या वहिनींना सांगितलंय तेच तुम्हाला. सपाटीवर ८५-९०ने आरामात, आणि तुमच्या ए८वरून उल्मकडे चढताना ट्रकांच्या रांगेत मुकाट्याने. घाई असलेल्या माणसाने ही गाडी घेऊ नये, त्याने टर्बोवाली बघावी. ह्याच पिढीत पाच सिलिंडरची ३ लिटरची २०९ डी मिळते, ८८ हॉर्सपॉवर, मिळाली तर जरूर बघा, पण चांगली असेल तर मालक सोडत नाहीत. तुमच्याकडे एक फायदा आहे, गाडी तीस वर्षांच्या पुढची आहे, तेव्हा मूळ अवस्थेत असेल तर एच नंबर (जर्मनीत जुन्या, जपलेल्या गाड्यांना मिळतो तो) मिळेल, वर्षाला १९१.७३ युरो टॅक्स आणि शहरांच्या पर्यावरण झोनमध्ये हिरव्या स्टिकरशिवाय जाता येतं.

ह्या गाडीला खरी भीती गंजाची. इंजिन राहील आणि त्याच्या भोवतीची गाडी विरघळेल अशी ही जात आहे. पायऱ्यांखाली, चाकांच्या कमानीत, पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, आधी मालकाची परवानगी घेऊन. पाठवलेल्या फोटोत वाल्वच्या कव्हरखालून ऑइल ओघळलेलं दिसतंय त्यावरून तुम्ही तीन ओळी लिहिल्यात, तर ते नुसतं कव्हरचं गॅस्केट आहे, टॅपेट करायला कव्हर काढावंच लागतं तेव्हा नवीन टाकतात. त्या डागाकडे बोट दाखवून भाव थोडा पाडून घ्या.